पाणथळ जागेवर ग्रुपने पक्षी बघायला जाताय? आधी काठापासून लांब उभं राहा

वसंतातला ग्रुप वॉक बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच फसतो आणि फसलाय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लोक गेटमधून आत शिरतात, समोर पाणी दिसतं, आणि सगळे गप्पा मारत सरळ काठाला जाऊन उभे राहतात. मी पहिल्यांदा ग्रुप घेऊन गेले तेव्हा आम्ही बावीस जण होतो. एका रांगेत बांधावर चढलो, मागे उघडं आभाळ, त्यावर बावीस डोकी, आणि पलीकडून दीड-दोनशे थापट्या बदकं एकदम उठली ती परत आलीच नाहीत. पुढची चाळीस मिनिटं दोन पाणकोंबड्या आणि खांबावर पंख वाळवत बसलेला एक पाणकावळा, एवढंच बघितलं. जाताना सगळे म्हणत होते की आज पक्षी नव्हते. होते की, आम्हीच उडवले.

तर खालचा क्रम पाळा. काय करायचं ते बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कशाच्या आधी काय हे चुकतं.

## १. आधी एकट्याने फेरी मारा

वॉकच्या दोन-तीन दिवस आधी, ज्या वेळेला ग्रुप येणार त्याच वेळेला जाऊन या. संध्याकाळी जाऊन बघितलं आणि वॉक सकाळी ठेवला तर त्या फेरीचा उपयोग अर्धा, कारण ऊन उलट्या बाजूने येतं आणि पक्षीही वेगळ्या जागी असतात.

या फेरीत सगळ्यात महत्त्वाचं बघायचं ते म्हणजे सूर्य कुठे आहे. सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघता आलं तर ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. उलट उभे राहिलात तर चकाकणाऱ्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या, आणि मग अख्खा ग्रुप "ते काय, बदक का?" एवढंच विचारत बसतो. वाट पश्चिमेकडूनच असेल तर सरळ उलटी फेरी घ्या, थोडं जास्त चालायला लागलं तरी चालेल.

बाकी बघून ठेवायच्या गोष्टी: कुठे थांबायला जागा आहे, झाडाची किंवा झुडपांची आड कुठे मिळते, वाट कुठे चिखलाची आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, गेट किती वाजता उघडतं, ग्रुपसाठी परवानगी लागते का. आणि जमिनीवर कोणी घरटं केलंय का, त्याबद्दल पुढे सांगते.

तपासा: घरी आल्यावर कागदावर थांबे काढा. तीन तासांच्या वॉकला चार-पाच थांबे पुरतात. दहा काढले असतील तर निम्मे खोडा.

## २. किती जण, किती वाजता, कोणत्या हवेत

एका लीडरमागे दहा-बारा जण. त्याहून जास्त नावं आली तर दोन ग्रुप करा आणि अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. वीस जणांच्या ग्रुपमध्ये मागच्या आठ जणांना काहीच ऐकू येत नाही, मग ते आपापसात बोलायला लागतात, आणि तिथून सगळं बिघडतं.

तीन कामं तीन जणांना आधीच वाटून द्या. पुढे चालणारा, सगळ्यात मागे चालणारा, आणि नोंद लिहिणारा. पुढे चालणाऱ्याला कोणीही ओव्हरटेक करायचं नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. हे सांगितलं नाही तर कॅमेरावाले पुढे पळतात, दरवेळी पळतात.

वेळ म्हणाल तर सूर्योदयाच्या आसपास जमायचं आणि तीनेक तासांत आटपायचं. ऊन चढलं की पक्षी शांत होतात, शिवाय पाण्यावरची गरम हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी कितीही महागडी काच लावली तरी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो.

हवेचंही बघा. वसंतात स्थलांतर चालू असतं आणि लहान पक्ष्यांपैकी पुष्कळ जाती रात्री उडतात. रात्री मागून वारा असेल तर ते पुढे निघून जातात, रात्री पाऊस आला किंवा समोरून वारा सुटला तर वाटेतच उतरतात. त्यामुळे रात्री पाऊस पडून पहाटे उघडलं की लोक झोपून राहतात आणि नेमकी तीच सकाळ सोन्यासारखी असते. पाऊस पडला म्हणून वॉक कॅन्सल करू नका, वीज चमकत असेल तर मात्र करा, उघड्या पाण्याशेजारी उभं राहायचं नाही.

ग्रुपला आदल्या दिवशी मेसेज टाका आणि त्यात हे असू द्या: मळकट रंगाचे कपडे, पांढरं किंवा भडक नको, भिजले तरी चालतील असे बूट, टोपी, पाणी, सळसळ आवाज करणारं जाकीट नको, अत्तर नको कारण डास-माश्या येतात. कुत्रा आणायचा नाही. हे शेवटचं वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर कोणीतरी आणतंच.

## ३. दुर्बीण गेटवरच सेट करा

नवीन येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तीन तास धूसर दिसत असतं आणि ते लाजून बोलत नाहीत. म्हणून गेटवर दहा मिनिटं यालाच द्यायची.

दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. चालत बघायला ८×४२ बरी पडते. १० पटीची घेतली की हाताचं थरथरणंही दहा पट दिसतं आणि चित्रात येणारा भाग लहान होतो, त्यामुळे नवख्या माणसाला पक्षी सापडतच नाही.

आता सेटिंग, याच क्रमाने:

१. डोळ्याकडच्या रबरी कडा बघा. चष्मा असेल तर आत, नसेल तर बाहेर. चष्मेवाल्यांनी कडा बाहेर ठेवल्या की बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं.

२. दोन्ही नळ्या जवळ-लांब करा, दोन गोलांचा एकच गोल दिसेपर्यंत.

३. लांबची एक बारीक गोष्ट निवडा, पाटीवरची अक्षरं किंवा झाडाची सुकलेली काटकी. उजवी पुढची काच हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.

४. आता डावी काच झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची लहान रिंग फिरवून तीच काटकी स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींना ती रिंग उजवीकडेच असते. रिंगवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा, नंतर दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं.

आणि मग उचलायची सवय. लोक दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग पक्षी शोधत झाडभर फिरतात. असं कधीच सापडत नाही. आधी नुसत्या डोळ्याने पक्ष्यावर नजर रोवा, मान हलवू नका, नजर काढू नका, आणि नजरेच्या रेषेत दुर्बीण वर आणा. पाटीवर, खांबावर पाच-सहा वेळा करून घ्या. हसतील लोक, हसू द्या.

सावधान: दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, चुकूनही नाही. उडणाऱ्या घारीमागे दुर्बीण फिरवताना सूर्य कधी मध्ये येतो ते कळत नाही, डोळ्याला कायमची इजा होते. मुलं असतील तर हे दोनदा सांगा.

## ४. दिशा सांगायची एकच पद्धत ठरवा

"तो बघ तिकडे, त्या झाडावर." कुठल्या झाडावर? तिथे चाळीस झाडं आहेत.

घड्याळाची पद्धत, म्हणजे समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ, सगळ्यांना माहीत असते, पण एक घोळ कायम होतो. प्रत्येकजण स्वतःचं नाक जिकडे आहे तिकडे बारा धरतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर लीडरने आधी बारा ठरवून द्यायचे: "तो सुकलेला उंच खोड म्हणजे बारा." मग सांगणारा म्हणतो, "दोन वाजता, पाण्याच्या कडेला, हिरव्या गवताच्या डावीकडे." आधी दिशा, मग किती लांब, मग जवळची खूण, आणि पक्ष्याचं नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की लोक नावावर उत्साहित होतात आणि दिशा ऐकतच नाहीत.

बोट दाखवायचं नाही असं मी आधी सगळ्यांना सांगायचे, आता म्हणते दाखवा पण हात अंगाजवळ ठेवून, हळू. अचानक वर गेलेला हात पक्ष्यांना फार लांबून दिसतो.

फोन सायलेंट. आणि पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. वसंतात तो नर आपली हद्द राखत असतो, तुमच्या मोबाइलमधला आवाज त्याला दुसरा नर वाटतो आणि घरटं, पिल्लं, खाणं सोडून तो त्याला हुसकायला येतो. फोटो छान येतो, त्याची सकाळ वाया जाते.

## ५. पहिला थांबा लांबून, आणि पहिली पाच मिनिटं दुर्बीण खाली

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून जरा सविस्तर.

पाणी दिसायला लागलं की लगेच थांबा. काठापासून जेवढं लांब राहून पूर्ण पाणी दिसतं तेवढं लांब, झाडाची आड असेल तर उत्तम. पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघा. काय हलतंय, कुठून कुठे उडतंय, गर्दी कुठे आहे, रिकामं कुठे आहे. तुम्ही आलात म्हणून गप्प झालेलं गवत या पाच मिनिटांत परत बोलायला लागतं.

मग दुर्बीण. डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्याने, आणि लांबचा पट्टा आधी. जवळचा पक्षी मोहात पाडतो, पण लांबचे जे बावरतात ते आधी निघून जातात.

कुठल्या पट्ट्यात काय शोधायचं हे डोक्यात असलं की काम निम्मं होतं:

उघडं खोल पाणी: बदकं, वारकरी, टिबुकली. टिबुकलीला लोक हमखास बदकाचं पिल्लू म्हणतात. शेपूट जवळजवळ नाही, चोच टोकदार, आणि बघता बघता बुडी मारून भलतीकडेच वर येते. वारकरी काळा आणि कपाळावर पांढरी टिकली, पाणकोंबडीचं कपाळ लाल आणि चोचीचं टोक पिवळं. पाणकोंबडी शक्यतो कडेकडेने, गवताच्या आधाराने फिरते.

उथळ पाणी: इथे पायांची लांबी बघा. शेकाट्याचे लांब गुलाबी-लाल पाय असल्याने तो पोटाशी पाणी येईपर्यंत आत जातो, तुतवार काठावरच शेपूट वर-खाली करत फिरते. कोण किती पाण्यात उभं आहे यावरूनच पुष्कळ नावं गळतात.

चिखल: चोच बघा. मळगुजा, म्हणजे बर्डिंगवाले ज्याला गॉडविट म्हणतात, तो लांब सरळ चोच खोल खुपसतो. चिखल्या आखूड चोचीचा, तो पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. पाणलावा तर गवताच्या कडेला इतका बेमालूम बसलेला असतो की दहा मिनिटं बघत असलेल्या चिखलाचा एक तुकडा अचानक चालायला लागतो.

बोरू आणि उंच गवत: इथे डोळ्यांपेक्षा कान. वटवट्या दिसत नाही पण बोलल्याशिवाय राहत नाही.

आणि मधूनमधून वर बघा. सगळी बदकं आणि चिखलातले पक्षी एकदम उठले आणि तुम्ही कोणीच हललेला नाहीत, तर त्या थव्याकडे बघू नका, त्याच्या वर बघा. भोवत्या नाहीतर ससाणा, म्हणजे शिकारी पक्षी असतो.

तपासा: या थांब्यावर किमान वीस मिनिटं झाली का? नसतील तर थांबा. पुढे गेल्यावर हे दृश्य परत मिळत नाही.

## ६. पुढे सरकताना पक्ष्याची मान बघा

किती जवळ जायचं याचा ठरलेला आकडा नाही, पक्षीच सांगतो. चरणारा पक्षी चरायचं थांबला, मान उंच झाली, की तुम्ही थांबायचं. तो तुमच्यापासून चालत लांब जायला लागला की दोन पावलं मागे. उडाला म्हणजे तुम्ही दोन सूचना आधीच चुकवल्यात. स्थलांतराला निघालेल्या पक्ष्याने अंगात चरबी साठवलेली असते, प्रत्येक उगाच उड्डाणात ती जळते.

बांधावर चढू नका, बांधाच्या आडून चाला. सरळ पक्ष्याच्या दिशेने जाण्यापेक्षा तिरकं, त्याच्याकडे न बघितल्यासारखं जा. दहा पावलं चाला, थांबा, बघा. मागच्यांना जागा द्या, पुढचे खाली बसले तर सगळ्यांना दिसतं.

## ७. नाव सांगायची घाई नको

लीडरची नेहमीची चूक: पक्षी दिसताच नाव सांगून टाकणं. मग कोणी पक्षी बघतच नाही, सगळे वहीत नाव लिहितात आणि स्पेलिंग विचारतात. त्याऐवजी विचारा: केवढा आहे, चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा? चोच कशी? पाय? करतोय काय? रंग शेवटी.

रंग शेवटी कारण वसंतात रंग फसवतात. जाण्याच्या तयारीतले काही पक्षी विणीच्या पिसाऱ्यात आलेले असतात, काही अर्धेच बदललेले, काही अजून हिवाळ्यातलेच. मळगुजा हिवाळ्यात राखाडी-तपकिरी असतो आणि विणीच्या दिवसांत त्याची मान आणि छाती विटकरी-लाल होते, मधल्या काळात एकाच थव्यात दोन्ही टोकं आणि मधले सगळे प्रकार दिसतात. पुस्तकातल्या एका चित्राशी जुळत नाही म्हणून नवीन जात सापडली असं समजू नका.

आम्ही एकदा पाऊण तास एका राखी बगळ्यावर वाद घातला. जांभळा बगळा की राखी, मान वाकडी की सरळ, दोन जण तर पैजेवर आले. ऊन जरा सरकलं आणि बगळ्याला फांदी फुटलेली दिसली. तेव्हापासून न हलणाऱ्या पक्ष्याला मी पाच मिनिटांपेक्षा जास्त देत नाही.

अ‍ॅपबद्दल: मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं आणि ते कामाचं आहे, पण ती सूचना असते. ग्रुपमध्ये कोणी बोललं, वारा असला, दुसऱ्या पक्ष्याने नक्कल केली की चुकतं. अ‍ॅपने सांगितलेलं डोळ्याने बघितलं किंवा ओळखीच्या कानाने ऐकलं तरच लिस्टमध्ये. आणि "माहीत नाही" असं लीडरने दिवसात एकदा तरी म्हणावं, त्याने बाकीचे मोकळेपणाने विचारायला लागतात.

## ८. घरटं दिसलं तर

टिटवी आणि चिखल्या उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, म्हणून वाट सोडून चालायचं नाही, एक पाऊलसुद्धा.

मी एकदा फोटोसाठी वाटेवरून दोन फूट बाहेर पाय टाकला. समोर एक कंठेरी चिखल्या पंख ओढत, लंगडत पळायला लागला, मला वाटलं जखमी झालाय. मी त्याच्या मागे चार पावलं गेले, तो अजून लंगडला, अजून पुढे गेला आणि मग मस्त उडून गेला. मागे वळून बघितलं तर माझ्या बुटाच्या ठशापासून वीतभर अंतरावर अंडी होती. तीन की चार ते मोजायलाही थांबले नाही.

तर असा लंगडणारा पक्षी दिसला, किंवा टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, की जागच्या जागी थांबायचं, पायाखाली बघायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. फोटो नाही, थांबणं नाही. उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरून बसलेले असतात, टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर तेवढा वेळ ती अंडी उन्हात.

सावधान: घरट्याचं नेमकं ठिकाण फोटोसोबत कुठेही टाकू नका. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो, तिथल्या व्यवस्थापनाला कळवा.

## ९. मोजणी आणि नोंद, चालतानाच

घरी जाऊन आठवून लिहिलेली लिस्ट खोटी असते, मुद्दाम नसली तरी. लिहिणाऱ्याने प्रत्येक थांब्यावर लिहायचं.

मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा गठ्ठा डोळ्यात पकडा आणि असे किती गठ्ठे बसतात ते बघा. बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. आणि परतीच्या वाटेवर तेच पक्षी परत मोजू नका, हे सगळ्यात जास्त चुकतं.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकत असाल तर एकाच माणसाने लिस्ट करायची आणि बाकीच्यांना शेअर करायची. बारा जणांनी बारा वेगळ्या लिस्ट टाकल्या तर तेच चाळीस शेकाट्ये बारा वेळा चढतात. लिस्ट पूर्ण आहे का असं तिथे विचारतात, त्याचा अर्थ ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का एवढाच, तिथला प्रत्येक पक्षी ओळखला का असा नाही. फक्त खास पक्षी लिहून साधे गाळले असतील तर "नाही" म्हणा. कावळा आणि चिमणी पण लिहायची, तेच सगळे विसरतात.

## १०. गेटवर परत

निघायच्या आधी सगळ्यांना थांबवून लिस्ट मोठ्याने वाचा. दर वेळी दोन नावं वाढतात आणि एक वादाचं नाव निघतं. वादाचं असेल ते लिस्टमधून काढा, ज्याला खात्री आहे तो स्वतःच्या वहीत ठेवेल. मागे चालणाऱ्याने माणसं मोजायची आणि बुटांचा चिखल तिथेच झाडायचा, एका तळ्यातलं बी-बियाणं दुसऱ्या तळ्यात नेऊ नये म्हणून. दुर्बिणीच्या काचा शर्टाने पुसू नका, आधी धूळ फुंकरीने किंवा मऊ ब्रशने उडवा. आणि काचांची झाकणं मोजा, बारा जणांत एक तरी पहिल्या थांब्यावर राहिलेलं असतं, तिथे परत जायचं झालं तर एकट्यानेच जा.